‘पाचारण’ शोधावे की ओळखावे?

प्रश्न (धुळे)

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाच्या शिबिरासाठी मला एक टिपण लिहायचे आहे आणि ‘आपले ख्रिस्ती पाचारण शोधण्यात दैनंदिन प्रार्थनेचे महत्त्व’ असा विषय ठरवून देण्यात आला आहे. शीर्षकातच अडलो आहे. पाचारण ‘शोधता’ येते काय? ‘आग विझविण्यासाठी अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले’ असे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. तेथे बोलावणारा एक असतो, ज्याला बोलावले तो दुसरा असतो, आणि त्या दुसऱ्याने शोधत बसावे असे त्यात काही नसते. सोपा शब्द म्हणून ‘देवाचे बोलावणे’ असे घरी म्हणून पाहिले, तर आजी एकदम गप्प झाल्या, कारण आमच्या आहिराणीत कोणाला देवाचे ‘बलावनं उनं’ म्हटले की तो माणूस गेला असेच समजायचे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (अमळनेर, निवृत्त मराठी शिक्षक)

तुमची शंका रास्त आहे. ‘पाचारणे’ हे जुन्या मराठीतले क्रियापद असून त्यात हाक मारणे, बोलावून घेणे हा अर्थ आहे. आजच्या बोलण्यातून ते जवळजवळ गेले आणि दोनच ठिकाणी टिकले : एक पोलीस-बंब-लष्कराच्या बातम्यांत आणि दुसरे मराठी पवित्र शास्त्रात. बातमीतल्या पाचारणात तातडी आणि अधिकार आहे, ज्याला बोलावले त्याने यायचेच असते. हा अर्थ शास्त्रातल्या वापरालाही लागू पडतो, म्हणून भाषांतरकारांची निवड मला चांगली वाटते. ‘आमंत्रण’ नाकारता येते आणि ‘आवाहन’ तर पूजेत माणूस देवाला करतो, म्हणजे दिशाच उलटी होते. मूळ ग्रीक शब्द ‘क्लेसिस’ हाही हाक मारणे याच धातूपासून आलेला आहे, आणि ज्या शब्दासाठी आपण ‘मंडळी’ म्हणतो तो ‘एक्लेसिया’ त्याच कुळातला आहे : हाक मारून एकत्र आणलेले लोक.

त्यामुळे व्याकरणाच्या दृष्टीने पाचारण होते, येते किंवा मिळते. ते शोधले जात नाही. ‘शोधणे’ ही इंग्रजी वळणाची रचना आहे आणि ती निव्वळ भाषेपुरती राहत नाही. पाचारण शोधायचे म्हटले की तरुण मुले ते हरवलेल्या वस्तूसारखे शोधू लागतात, आपल्याला काय आवडते, कशात गती आहे, कशात नाव होईल याची चाचपणी करतात आणि तिलाच प्रार्थना समजतात. मी ‘ओळखणे’ असे लिहीन. हाक आधीच दिली गेली आहे, कानाला ती ओळखू यायची आहे, एवढे त्या एका क्रियापदाने स्पष्ट होते; आणि मग दैनंदिन प्रार्थनेचे महत्त्व काय, हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही, कारण ज्याचा आवाज रोज ऐकला त्याचाच आवाज गर्दीत ओळखू येतो.

येथे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय नीट वाचावा. मुलगा शमुवेल शिलो येथे मंदिरात झोपलेला आहे, परमेश्वराची हाक येते आणि तो प्रत्येक वेळी वृद्ध याजक एलीकडे धावतो. हाक कानी पडली होती, पण परमेश्वराची ओळख अजून झालेली नव्हती, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. तिसऱ्या खेपेस एलीच्या ध्यानात येते आणि तो त्याला उत्तर शिकवितो : ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ विशेष म्हणजे तो निरोप ऐकून झाल्यावर शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला आणि उठून त्याने मंदिराची दारे उघडली, म्हणजे नेहमीच्या कामाला लागला. नित्याचे काम आणि पाचारण यांची अशी सांगड आपल्या प्रवचनांत क्वचितच येते. एली दृष्टीने अधू होता, घरातल्या मुलांबाबत चुकलेला होता, तरी ओळख पटवून देण्याचे काम त्याच्याकडेच आले, हेही तुमच्या तरुणांना सांगा. एकट्याच्या प्रार्थनेत जे उमगले ते मंडळीतल्या अनुभवी माणसापुढे ठेवावेच लागते.

उत्तर (भुसावळ)

सरांशी सहमत आहे, फक्त आमच्या गावचा एक शब्द मांडतो. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्यांना ‘कॉल’ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पूर्वी ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांच्या दारी कॉलबॉय वही घेऊन येई. कोणती गाडी, किती वाजता, हे सांगून सही घेई आणि पुढच्या दाराकडे वळे. आता फोन येतो. अपरात्री तीन वाजताही कॉल येई, त्यामुळे वडील घरातून निघताना कोठे जात आहोत हे सांगूनच जात आणि कॉल येण्याचा संभव असेल तर गावाबाहेर पाऊल टाकीत नसत. डबा, दिवा, झेंडे एका कोपऱ्यात तयार असत. कॉल कधी येईल हे त्यांच्या हाती नव्हते, पण आल्यावर सापडणे मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती होते. दररोजची प्रार्थना मला या ‘सापडण्या’सारखी वाटते. म्हणून ‘शोधणे’ हा शब्द अगदी टाकून देऊ नये, फक्त शोधणारा आपण नसून आपण सापडायचे आहे, एवढे टिपणात यावे.

उत्तर (नवापूर तालुका, परिचारिका)

दोघा काकांचे म्हणणे पटते, तरी माझी तक्रार निराळी आहे. आमच्याकडे ‘त्याला पाचारण झाले’ असे म्हटले की तो मुलगा पाळक किंवा सुवार्तिक होणार, पूर्णवेळ सेवेत जाणार, एवढाच अर्थ घेतला जातो. मी नर्सिंगला गेले तेव्हा ‘नोकरी लागली’ म्हणाले, पाचारणाचा शब्दही कोणी काढला नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्या स्थितीत राहावे असे सांगितले आहे आणि तेथे दासाचा उल्लेख आहे, याजकाचा नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी शेतकऱ्याचे, गृहिणीचे, कारागिराचे काम हेही पाचारणच आहे हे ठासून मांडले. आमच्या गावित-मावची पाड्यांवर मिशनची कामे झाली ती दवाखाने, शाळा आणि वसतिगृहे यांतूनच, तरीही हा शब्द मात्र व्यासपीठापुरताच उरला आहे.

दुसरे असे की ‘ओळखणे’ म्हटल्याने माणूस स्वस्थ बसू नये. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आपले पाचारण दृढ करण्यासाठी प्रयत्न करा असे सांगितले आहे (१.१०). प्रयत्न म्हणजे काय, ते मला प्रार्थनेतच कळले. दिवसपाळीला जाण्याआधी मी थोडा वेळ बसते. पुष्कळ दिवस मी नुसती यादी वाचीत होते : परीक्षा, बदली, आईचे गुडघे. ‘प्रार्थना’ या शब्दाचे मूळही मागण्याचेच आहे, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण रोजच्या रोज एकाच जागी बसल्यावर यादीतल्या कोणत्या गोष्टी आपोआप गळतात आणि कोणती एक पुन्हा पुन्हा वर येते, हे लक्षात येऊ लागले. माझ्या बाबतीत ती बाळंतपणाच्या खोलीतली कामे होती. मंडळीत ज्याला ‘प्रभूने ओझे दिले’ म्हणतात ते हेच असावे. एका दिवसाच्या प्रार्थनेत हे दिसत नाही, कारण त्या दिवशीची भीती किंवा उत्साह कशालाही ओझ्याचे रूप देऊ शकतो.

उत्तर (जळगाव)

नवापूरच्या ताईंनी जे लिहिले त्याला आमच्या कॅथलिक परंपरेत जुना आधार आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी होऊन, पुढे येशूसंघ स्थापन करणारे इग्नेशियस लोयोला अंथरुणाला खिळले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की पराक्रमाची आणि दरबाराची स्वप्ने रंगविताना आनंद होतो, पण नंतर मन कोरडे पडते. संतांसारखे जगण्याचा विचार मात्र सरल्यावरही समाधान मागे ठेवतो. या निरीक्षणातून त्यांची पारखण्याची पद्धत घडली आणि दिवसातून ठरावीक वेळी, दिवस आठवून आत्मपरीक्षण करण्याचा त्यांचा नेम आजही चालतो. प्रार्थना रोज असली तरच नंतर मन कसे राहिले याची तुलना करता येते, हा त्यातला साधा व्यवहार आहे. पुनरुत्थानकाळाच्या (ईस्टरपासून सुरू होणाऱ्या काळाच्या) चौथ्या रविवारी पाचारणासाठी जागतिक प्रार्थना दिन पाळतात. पोप पॉल सहावे यांनी १९६४ मध्ये तो सुरू केला. त्यामागे ‘पिकाच्या धन्याने कामकरी पाठवावेत म्हणून त्याची प्रार्थना करा’ हे येशूचे वचन आहे. तेथे प्रार्थना दुसऱ्यांच्या पाचारणासाठी आहे, ही बाजू शिबिरात राहून जाते.

प्रश्नकर्ता (धुळे)

सर्वांचा आभारी आहे. एकच शंका उरली. शिबिरात मुले विचारतील की प्रार्थना करूनही काहीच ऐकू आले नाही तर काय समजावे? आणि पाचारण एकदाच होते काय?

उत्तर (अमळनेर)

दुसऱ्या शंकेचे उत्तर मराठी ख्रिस्ती इतिहासातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ मिशनचे काम केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा स्वतंत्र मेळा उभारण्याच्या मार्गाला लागले. पहिले पाचारण खोटे होते म्हणून दुसरे आले, असे कोणी म्हणणार नाही. टिपणात ‘झालेले पाचारण’ असा भूतकाळच न वापरता ‘होत असलेले पाचारण’ असेही लिहावे, मराठीत ते अशुद्ध ठरत नाही.

पहिल्या शंकेबाबत मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाकडे पाहावे. येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थना करीत असता शिष्य येऊन सांगतात की सर्व लोक तुमचा शोध करीत आहेत. तो उत्तर देतो की आपण जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ, कारण मी त्यासाठीच निघालो आहे. आकाशवाणी झाल्याचे तेथे लिहिलेले नाही. लोकांचा आग्रह एकीकडे आणि आपले काम दुसरीकडे, हा निवाडा प्रार्थनेवरून उठल्यावर तो शांतपणे करू शकला, एवढेच लिहिले आहे. मुलांना विचारा : ऐकू आले काय, हे राहू द्या, कोणाला ‘नाही’ म्हणता येऊ लागले काय?

शिबिरात बोलताना मात्र ‘पाचारण’ हा एकच शब्द धरून बसू नका. ‘देव माले कसाले बलाई ऱ्हायना’ (देव मला कशासाठी बोलावत आहे) असे आहिराणीत विचारले तर मुले लगेच बोलती होतील. क्रियापद चालू असल्यामुळे तुमच्या आजींनाही त्यात अशुभ वाटणार नाही.