ऊ पोन्न्या : थिबाच्या आधीचा एक दरबारी कवी

ब्रह्मदेशाचा (आजच्या म्यानमारचा) शेवटचा राजा थिबा याच्या रत्नागिरीतील नजरकैदेविषयी बोलताना, ब्रह्मदेशातील दरबारी साहित्य १८८५ साली इंग्रजांनी राजधानी मंडाले घेतली तेव्हा संपले, असे म्हटले जाते. मला त्यात ऊ पोन्न्या या कवीची भर घालावीशी वाटते, कारण दरबाराची पडझड त्याच्या आयुष्यातच दिसू लागली होती. इरावतीकाठच्या सले गावाचा हा कवी थिबाचे वडील राजा मिंडॉन यांच्या पदरी होता. १८५२ च्या युद्धात दक्षिणेचा समुद्रकिनारा इंग्रजांकडे गेला होता आणि राज्य आतल्या मुलखापुरते उरले होते.

गंगमाल जातकावर (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी एकीवर) बेतलेल्या त्याच्या नाटकात, भिंतीत दडवलेले एक क्षुल्लक नाणे आणायला भर उन्हात गात निघालेल्या पाणक्याला राजा अर्धे राज्य देतो. पुढे तोच राजा पाणक्याच्या मांडीवर विश्वासाने झोपला असता पाणक्याच्या मनात राजाच्या खुनाचा विचार येतो, पण तो स्वतःच कबुली देऊन राज्य सोडतो. सत्तेच्या मोहाचे इतके जवळून केलेले चित्रण राजवाड्यात वावरलेल्या माणसालाच साधावे, असे मला मनापासून वाटते.

१८६६ मध्ये मिंडॉन राजाचा भाऊ आणि वारस कनाऊंग याला बंडखोर राजपुत्रांनी ठार केले. त्यानंतर कनाऊंगच्या मुलाने केलेल्या उठावात पोन्न्यावर संशय आला, आणि कैदेत असतानाच, राजाचा तसा हुकूम नसताना, त्याला मारण्यात आले.