प्रतिसाद: लोकांना रस नाही असं म्हणून सोडून देऊ नका

'ग्रामसभेला कोणी फिरकत नाही, लोकांनाच रस नाही' हे ग्रामसभांवरच्या चर्चेत आलेलं मत मला अर्धंच पटतं. माणसं येत नाहीत हे खरं, पण कारण फक्त अनास्था नाही. ग्रामपंचायत कायद्याने गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा ठेवलाय. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे पहिल्या सभेला माणसं जमवण्याची गरजच कोणाला वाटत नाही. दुसऱ्या वेळी मोजकी डोकी ठराव करून मोकळी, आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं. हे मी स्वतः पाहिलंय, आणि फार वाईट वाटतं.

चर्चेत एक गोष्ट मात्र कोणीच काढली नाही: नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आमच्याकडे ती बरीच वर्षं कागदावरच होती. मग बचत गटातल्या बायकांनी लेखी मागणी केली आणि वेळ बदलून घेतली. सकाळी अकराला बाया खुरपणीला गेलेल्या असतात, म्हणून दुपारी चार, तीही चावडीवर नाही, अंगणवाडीत. पहिला विषय नळाचा निघाला: पाणी पहाटे तीनला सुटतं, खालच्या आळीला हंडाभरही मिळत नाही. पुरुषांनीच भरलेल्या नियमित सभेत हा विषय कधी निघालाच नव्हता, कारण पहाटे उठून रांगेत उभं राहणारं तिथे कोणी नव्हतं. ठराव इतिवृत्तात आला, व्हॉल्व्हची वेळ बदलली. तुमच्या गावात ही सभा होते का, गेल्या वर्षभराची इतिवृत्तं ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) मागून बघा.