सिंगापूरला बारा तासांचा थांबा: आईला घेऊन विमानतळाबाहेर पडावं का?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई आणि मी बहिणीकडे मेलबर्नला निघालो आहोत. सिंगापूरला आमचं विमान सकाळी ८:१५ला उतरतं आणि पुढचं रात्री ८:४०ला सुटतं. तिकीट काढताना हा एवढा मोठा थांबा नकोसा वाटला होता, पण भाडं परवडणारं तेच होतं. आता मात्र वाटतंय की बारा तास खुर्चीत बसून काढण्यापेक्षा आईला बाहेर न्यावं.

आई ६८ वर्षांची आहे आणि हा तिचा पहिलाच विमानप्रवास. प्रकृती ठीक आहे, फक्त गुडघे दुखतात. सपाट जागी अर्धा तास सावकाश चालते, जिने नकोत.

बाहेर पडावंसं वाटायचं कारण म्हणजे ऑर्किड. आईने सीतेची वेणी, म्हणजे आपल्याकडचं एक ऑर्किडच, नारळाच्या सोडणावर बांधून वाढवली आहे. पहिला तुरा यायला चार वर्षं लागली. तो आला त्या सकाळी तिने मला झोपेतून उठवलं, हाताला धरून नेलं आणि एकेक फूल दाखवलं. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डन्समध्ये नुसत्या ऑर्किडची वेगळी बाग आहे असं मी तिला वाचून दाखवलं, तर पहिलं वाक्य काय? "विमान चुकलं तर? आपण आपलं बाकावर बसू." आणि रात्री बघते तर चष्मा लावून माझ्याच फोनवर तेच फोटो दोन बोटांनी मोठे करून बघत बसलेली.

दोघींचे पासपोर्ट भारतीय आहेत आणि ऑस्ट्रेलियाचा पर्यटक व्हिसा मिळाला आहे. सिंगापूरचा नाही. तो वेगळा काढावा लागेल का? दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत, तर मोठ्या बॅगा मध्ये उतरवून घ्याव्या लागतात का? आणि बारा तासांपैकी खरोखर हाताशी किती धरायचे? रात्रभर जागलेल्या आईला उन्हात फिरवणं बरोबर आहे का, हेही मोकळेपणाने सांगा. तिचा हा पहिला परदेश आहे, मला तो बिघडवायचा नाही.

प्रतिसाद

ताई, व्हिसाचं आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर आहे. सिंगापूरची ९६ तासांची बिनव्हिसा ट्रान्झिट सोय भारतीय पासपोर्टवाल्यांना मिळते. त्यासाठी ठरावीक देशांपैकी एकाचा चालू व्हिसा लागतो, आणि ऑस्ट्रेलिया त्या यादीत आहे. पुढचं पक्कं तिकीट ९६ तासांच्या आतलं हवं, ते तुमच्याकडे आहेच. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, म्हणून मंजुरीचं पत्र दोघींचं छापून जवळ ठेवा. शेवटचा निर्णय खिडकीवरच्या अधिकाऱ्याचा असतो, तेव्हा आईंच्या मनात आधीपासून "जाणारच" असं पक्कं करू नका.

एसजी अरायव्हल कार्ड नावाचा ऑनलाइन फॉर्म दोघींसाठी वेगवेगळा भरायचा. उतरायच्या दिवसासकट आधीच्या तीन दिवसांत भरता येतो. तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट दिसतील, त्या टाळा आणि सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्याच (आयसीए) साइटवर भरा. परतीच्या वेळच्या अटी वेगळ्या असू शकतात, विशेषतः एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर. येतानाही बाहेर पडायचं असेल तर त्या स्वतंत्र वाचा.

प्रतिसाद

बॅगांचं: एकच तिकीट असेल तर सहसा थेट मेलबर्नला जातात. पण गृहीत धरू नका. पहिल्या चेक-इनला बॅगेला जो पट्टा लावतात त्यावर एमईएल (MEL, म्हणजे मेलबर्न) छापलंय का ते स्वतः वाचा, आणि दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास तिथेच मागून घ्या. तो हातात असला की अर्धी काळजी मिटते. हातातल्या बॅगा सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पैसे देऊन ठेवता येतात. औषधांची पिशवी मात्र जवळच ठेवा, चिठ्ठीसकट. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर सिंगापूरचे नियम कडक आहेत, आधी तपासा.

आता वेळ. माझं एकदा एका मोठ्या शहरात पुढचं विमान चुकलंय, म्हणून कळकळीने लिहितोय. सात तासांचा थांबा होता. मी "विमान सुटायला अजून तीन तास आहेत" असं म्हणत शहरात रेंगाळलो. मग पाऊस सुरू झाला आणि बस एका पुलावर पाऊण तास उभी राहिली. गेटवर पोचलो तेव्हा विमान काचेतून दिसत होतं, दार बंद झालं होतं. तेव्हापासून मी हिशेब उलटा मांडतो. विमान किती वाजता सुटतं ते सोडून द्यायचं आणि शहरातून किती वाजता निघायचं तो एकच आकडा ठरवायचा. तुमच्यासाठी तो संध्याकाळी ४:३०. पाचनंतर ऑफिस सुटण्याची गर्दी असते, आणि दुपारचा गडगडाटी पाऊस तिथे नेहमीचाच. साडेचारला निघालात की कितीही अडकलात तरी सहापर्यंत विमानतळावर असाल.

दुसरं टोक बघा. ८:१५ला चाकं टेकली तरी विमानातून उतरणं, इमिग्रेशन आणि तोंड धुणं धरून बाहेर यायला साडेनऊ-दहा होतील. म्हणजे बारातले हाताशी साडेसहा-सात तास, त्यातला तासभर तरी प्रवासाचा. दोन ठिकाणं आरामात होतात. तिसरं ठरवू नका.

आणि हो, सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. फोनचं आपोआप बदलतं, मनगटावरचं नाही. आई मनगटी घड्याळ लावत असतील तर उतरल्याबरोबर त्यांच्याच हाताने ते पुढे करून घ्या.

प्रतिसाद

चांगीवर थांबलेल्या प्रवाशांसाठी फुकट शहर-सहल असते. थांबा साडेपाच तासांहून जास्त आणि २४ तासांहून कमी असावा लागतो. सुमारे अडीच तासांत बसमधून फिरवून आणतात. प्रवेशाच्या अटी त्यालाही लागू आहेत. नोंदणी इमिग्रेशन ओलांडण्याआधी, ट्रान्झिट भागातल्या काउंटरवर करायची. वेळेत परत आणतात, त्यामुळे काळजी करणाऱ्यांसाठी हे उत्तम.

धागाकर्ती

फारच मदत झाली. उलट्या हिशेबाचं आईला वाचून दाखवलं, त्याने तिला खरा धीर आला. "साडेचारला निघायचं ना, मग ठीक" असं दोनदा म्हणाली.

फुकट सहलीचा मोह झाला होता, पण त्यात बस नेईल तिथेच जायचं आणि सगळ्यांच्या वेगाने चालायचं. आई एका फुलापाशी दहा मिनिटं उभी राहते. तिला कोणी घाई केलेली मला नकोय. बागेचं कोणी सांगेल का? मेट्रोने जावं की टॅक्सीने?

प्रतिसाद

मी माझ्या सासूबाईंना याच बागेत नेलं होतं, त्यांचेही गुडघे असेच. टॅक्सी करा, आणि "बोटॅनिक गार्डन्स" एवढंच सांगू नका, "नासिम गेट" सांगा. बाग ८० हेक्टरांच्या आसपास आहे. मेट्रोचं बोटॅनिक गार्डन्स स्टेशन बागेच्या एका टोकाला आहे, तिथून ऑर्किडपर्यंत पोचेस्तोवर आईंची अर्ध्या तासाची चाल संपून जाईल. नासिम गेटपासून ऑर्किड गार्डन जवळ आहे. मोठ्या बागेला तिकीट नाही, ऑर्किड गार्डनला आहे. मेट्रोला सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, पण रात्रभराच्या जागरणानंतर गाड्या बदलणं मी टाळेन.

बाग १८५९ची, २०१५पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. ऑर्किडच्या हजाराहून जास्त मूळ जाती आणि दोन हजारांहून जास्त संकर तिथे आहेत. सिंगापूरचं राष्ट्रीय फूलही ऑर्किडच आहे, व्हॅन्डा मिस जोकिम, जांभळट गुलाबी. ते आईंना आवर्जून दाखवा. डोंगराळ भागातल्या ऑर्किडांसाठी एक गार हवेचं काचघर आहे. सासूबाई तिथे गेल्या आणि बाहेर यायलाच तयार नव्हत्या, एक तर गारवा आणि दुसरं म्हणजे नखाएवढी फुलं! वाट थोडी चढउताराची आहे, पण बाकं जागोजागी आहेत. छत्री आणि सुती कपडे हवेतच. घाम फार येतो, म्हणून एक कोरडा ब्लाउज आणि साडी किंवा ड्रेस हातबॅगेत असू द्या, पुढच्या विमानासाठी.

दुसरं ठिकाण शहरात शोधूच नका. दुपारी सरळ विमानतळावर या आणि तिथल्या ज्वेल नावाच्या मॉलमध्ये बसा. तिथला छताखालचा धबधबा ४० मीटर उंच आहे, भोवती झाडीच झाडी. तो इमिग्रेशनच्या बाहेरच्या बाजूला आहे, म्हणजे आत शिरण्याआधीच बघायचा. विमानतळाला लागूनच असल्यामुळे विमान चुकायची धास्तीही नाही.

धागाकर्ती

हे तर अगदी हवं तसं जुळून आलं. ठरलं मग: इमिग्रेशनने सोडलं तर टॅक्सीने नासिम गेट, मन भरेपर्यंत ऑर्किड, अडीच-तीनला परत निघून ज्वेल, साडेपाचला आत. नाही सोडलं तर आतच विश्रांतीची जागा बघून आई झोप काढेल. दोन्ही शक्यता तिला आत्ताच सांगितल्या आहेत.

शेवटचं एक विचारते. आईसाठी विमानतळावर व्हीलचेअर मागितली आहे. मध्ये बाहेर पडलो तर ती सोय रद्द होते का?

प्रतिसाद

रद्द होत नाही, पण आपोआप सुरूही होत नाही. उतरल्यावर विमानाच्या दारापाशी माणूस खुर्ची घेऊन येतो. त्याला लगेच सांगा की आम्ही शहरात जाणार आहोत, नाहीतर तो थेट ट्रान्झिटमध्ये नेऊन बसवेल. इमिग्रेशनमधून बाहेरच्या हॉलपर्यंत तो सोडतो. परत आल्यावर तुमच्या विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर जाऊन पुन्हा मागायची, आणि खुर्ची यायला वेळ लागतो म्हणून साडेपाचच्या ऐवजी पाचलाच जा. काउंटर कुठल्या टर्मिनलला आहे ते सकाळीच विचारून कागदावर लिहून ठेवा. तो कागद आईंच्या पर्समध्ये द्या, तुमचा फोन बंद पडला तरी अडायला नको.