सागवानाचा हात, वॉलनटचे काम: लाकूड कोणते घ्यावे आणि काय सांभाळावे?

तापीकाठ, शहादा
राम राम मंडळी. ६ बाय ३ फुटांचे जेवणाचे टेबल आणि हॉलमधल्या कपाटाची चार दारे (प्रत्येकी १८ इंच रुंद, ४ फूट उंच) वॉलनटमध्ये, म्हणजे अक्रोडाच्या लाकडात, करायची आहेत. मिस्त्री सागवानात पक्के आहेत, पण वॉलनटला हात लावलेला नाही. दुकानात तीन प्रकार दाखवले: अमेरिकन ब्लॅक वॉलनट, काश्मिरी अक्रोड आणि स्वस्तातले आफ्रिकन वॉलनट. कोणते घ्यावे आणि किती घनफूट लागेल? मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, हॉलमध्ये कूलर चालतो. अशा हवेत लाकूड टिकेल का? काम एप्रिल-मेमध्येच काढायचे आहे.

वखारवाला, धुळे
दादा, आधी नावांचा घोळ मिटवा. आफ्रिकन वॉलनट हे अक्रोडाच्या जातीचे लाकूडच नाही, ते महोगनीच्या कुळातले. दिसायला बरे असते, पण वॉलनटचा भाव त्याला देऊ नका. आपल्या रस्त्याकडेचा शिरीषसुद्धा लाकडाच्या व्यापारात ‘ईस्ट इंडियन वॉलनट’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे बिलावर नुसते ‘वॉलनट’ नको, ‘अमेरिकन ब्लॅक वॉलनट, किल्न ड्राय’ (म्हणजे भट्टीत वाळवलेले) असे पूर्ण लिहून घ्या. काश्मिरी अक्रोड अस्सल आणि कोरीवकामाला सुरेख, पण रंग जरा फिका. तिकडे झाड तोडायला परवानगी लागते, म्हणून टेबलाला पुरतील अशा एकसारख्या फळ्या जमवणे कठीण. तुमच्या कामाला अमेरिकनच घ्या.

हा माल बोर्ड फुटात येतो. १२ बोर्ड फूट म्हणजे १ घनफूट. जाडी पावइंचात सांगतात: ४/४ म्हणजे खडबडीत १ इंच, रंधा मारून हाती २० मिमी उरते. ५/४ मधून २६ मिमी निघते. टेबलाच्या वरच्या भागाला ५/४ घ्या, २० मिमी जाडी ६ फुटांवर किरकोळ दिसते.

माप असे: वरचा भाग १८ चौरस फूट, ५/४ मध्ये साडेबावीस बोर्ड फूट. त्यावर ४० टक्के जादा धरा, कारण पांढरा भाग (गाभ्याबाहेरचे फिके लाकूड), गाठी आणि टोकाच्या चिरा कापून जातात. म्हणजे २.६ घनफूट. पाय आणि खालच्या पट्ट्यांना दीड घनफुटाच्या आत-बाहेर. दारे पूर्ण भरीव केली तर आणखी २.८. एकूण ७ घनफूट धरा. सागवानाच्या हिशेबाने २०-२५ टक्केच जादा मागवलेत तर शेवटच्या दाराला लाकूड पुरणार नाही, आणि नंतर आणलेल्या फळीचा रंग जुळत नाही.

फळी उलटून दोन्ही बाजू पाहा. पांढरा भाग दिसत नसेल तर माल वाफवलेला आहे का ते विचारा. वाफवल्याने पांढरा भाग काळपट होऊन माल जास्त निघतो, पण गाभ्यातली जांभळट-तपकिरी छटा मंदावते.

रंधा_पटाशी, जळगाव
वखारवाल्यांनी खरेदीचे सांगितलेच आहे. मला हवेबद्दल बोलायचे आहे, कारण सागवानाच्या सवयीने केलेले वॉलनट आपल्याकडे तिथेच फसते.

मेमध्ये आपल्याकडे लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास उतरतो, श्रावणात १२ ते १३ पर्यंत चढतो. म्हणजे ६-७ टक्क्यांचा फरक. ३ फूट रुंदीचा, डोंगरनक्षीच्या (अंगावर डोंगरासारख्या कमानी दिसणाऱ्या) फळ्यांचा सागवानी टेबलटॉप ६ टक्के फरकाला साधारण १० मिमी हलतो. तसाच वॉलनटचा १५ मिमी. सरळ रेषांच्या फळ्या निवडल्या तर वॉलनटही १० वर येते, म्हणून टेबलासाठी निवडून सरळ रेषांचा माल मागा.

यातून तीन गोष्टी निघतात. टॉपच्या टोकाला आडवी पट्टी फेविकॉल आणि खिळ्यांनी पक्की करायची आपल्याकडे पद्धत आहे. सागवान ते बऱ्याचदा सहन करते, वॉलनट पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फाटते. पट्टी हवीच असेल तर फक्त मधल्या ३-४ इंचांत चिकटवा, बाकी लांब भोकांतून स्क्रू. दुसरे, टॉप खालच्या चौकटीला फक्त मधोमध पक्का करा. कडेच्या पट्टीत १५ मिमी लांब खाच ठेवा. तुम्ही मेमध्ये बसवणार, म्हणजे यापुढे टॉप फुगणारच. म्हणून स्क्रू खाचेच्या आतल्या टोकाला ठेवा, पावसाळ्यात तो बाहेर सरकेल. मधोमध ठेवलात तर अर्धीच जागा मिळते.

तिसरे दारांचे. चौकटीची पट्टी अडीच इंच धरली तर आतले पॅनेल १३ इंचांच्या वर राहते आणि ते साडेपाच मिमी हलते. खाच १२ मिमी खोल करा आणि मेमध्ये पॅनेल दोन्ही बाजूंनी ३ ते ४ मिमी कमी कापा. हेच काम श्रावणात असते तर १ मिमी पुरला असता, कारण तेव्हा पॅनेल पुढे आक्रसणार असते. पॅनेल खाचेत चिकटवू नका, आणि बसवण्यापूर्वीच त्याच्या कडांना पॉलिश द्या. नाहीतर आक्रसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची रेघ दिसते.

तापीकाठ, शहादा
फार उपयोगी. माल मुंबईहून येतो, मग तो इथे किती दिवस ठेवायचा? आणि दारांना व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावले तर कमीपणा येईल का?

रंधा_पटाशी, जळगाव
भट्टीतून निघताना लाकूड ६-८ टक्क्यांवर असते, पण दमट गोदामात पावसाळा काढला की पुन्हा ओलावा धरते. टोकापासून फूटभर कापून ताज्या कापावर मॉइश्चर मीटर टोचा, बाहेरच्या अंगावर नाही. ९ टक्क्यांच्या वर दिसले तर थांबा. तापलेल्या लाकडावर पिनचे मीटर जास्त आकडा दाखवते, म्हणून मोजणी सकाळी करा. जमिनीपासून उचलून, दर दीड फुटावर १ इंचाच्या सारख्या पट्ट्या देऊन २-३ आठवडे थप्पी लावा. टोकांना मेण लावा. कूलरच्या झोतात ठेवू नका. एका अंगाला ओल, दुसऱ्या अंगाला कोरडी हवा लागली की फळी बाक धरते. तयार टेबलालाही हेच लागू आहे.

व्हिनियरमध्ये कमीपणा काहीच नाही. भरीव चौकट आणि प्लायवर व्हिनियरचे पॅनेल हाच माझा सल्ला. ते हलत नाही, खाचेत चिकटवताही येते आणि तुमचा माल ७ वरून ५ घनफुटांवर येतो. पॅनेलच्या दोन्ही बाजूंना व्हिनियर हवे, एकाच बाजूला लावले तर पॅनेल वाकते. चारही दारांना एकाच ओंडक्याचे, लागोपाठ क्रमांकांचे शीट घ्या. थर अर्धा मिमीच असतो, त्यामुळे घासताना थेट १८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करा. ८० नंबरने खालचा प्लाय उघडा पडेल.

पॉलिश_काम, अमळनेर
काही गोष्टी राहिल्यात. सागवान रंध्याची पाती फार बोथट करते. तीच पाती वॉलनटवर फिरवली तर गाठींजवळ चिपा उपटतात. पाती बदलूनच सुरुवात करा.

लोखंड आणि ओल एकत्र आले की वॉलनटवर निळा-काळा डाग पडतो. लोखंडी शिकंजा आणि फळी यांच्यात प्लॅस्टिक घाला, नाहीतर ओल्या फेविकॉलमधून डाग उतरतो. पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने पुसा, हातमोजे घालून. स्क्रू पितळी वापरा. मेच्या दुपारी फेविकॉलवर पाहता पाहता साय धरते, जोड सकाळी ८ च्या आत लावा. आणि जोडावर दुसऱ्या दिवशीच रंधा मारा. ओल सुकण्याआधी मारला तर नंतर जोडाची रेघ खचलेली दिसते.

सागवानासारखा रंग चढवू नका, फार तर पांढऱ्या भागाला. सागवान उन्हाने गडद होते, वॉलनट उलट फिके पडते. पश्चिमेच्या खिडकीसमोर टेबल नको, पीयू (पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप) घेताना अतिनील किरण रोखणारे मागा. टॉपवर चंद्रसाचे (राळेचे) पॉलिश नको, गरम पातेल्याचा डाग उमटतो. पाण्याचे पीयू थेट मारले तर वॉलनट राखी दिसते. आधी मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात द्या, मग पीयूचे तीन हात.

वाळवी सागवानाला सहसा लागत नाही, वॉलनटला लागते. कपाट भिंतीला टेकवू नका आणि खाली ग्रॅनाइटची पट्टी द्या.

वखारवाला, धुळे
एक महत्त्वाचे. तुम्ही शहाद्याचे, सारंगखेड्याचा घोडेबाजार जवळच. ब्लॅक वॉलनटचा भुसा किंवा छिलपे घोड्याच्या तबेल्यात अंथरायला कोणालाही देऊ नका. त्यावर उभे राहिल्याने घोड्याच्या खुरांना सूज येऊन तो लंगडतो, आणि सागवानाच्या भुशात थोडासा मिसळला तरी धोका राहतो. या कामाचा भुसा वेगळ्या पोत्यात भरा आणि पोत्यावर तसे लिहून ठेवा.