जावा १७ असूनही 'मेजर व्हर्जन ६५'ची एरर, फ्लटरचा अँड्रॉइड बिल्ड अडकलाय

कोरी_पाटी:
अँड्रॉइड स्टुडिओ 'लेडीबग' आवृत्तीवर अपडेट केल्यापासून जुना फ्लटर (एकाच कोडमधून मोबाइल आणि वेब अ‍ॅप बनवणारं टूलकिट) प्रोजेक्ट बिल्ड होत नाही. कोडला हात लावलेला नाही. एरर अशी: 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५'. टर्मिनलमध्ये 'जावा -व्हर्जन' दिलं की १७ दिसतं, जावा होम (जावाचा पत्ता सांगणारी सिस्टिम सेटिंग) हीसुद्धा १७ कडेच आहे. 'फ्लटर क्लीन', 'पब गेट', मशीन रीस्टार्ट, सगळं झालं. अँड्रॉइड फोल्डरमध्ये जाऊन थेट ग्रेडल रॅपर (अँड्रॉइडचं बिल्ड टूल ग्रेडल चालवणारी, प्रोजेक्टमधलीच स्क्रिप्ट) चालवला तर मात्र बिल्ड बिनतक्रार होतो. ग्रेडल ७.६.३, अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ७.३.०, कोटलिन १.७.१०. वेब आणि आयओएसचे बिल्ड ठीक आहेत. मग ६५ येतोय कुठून?

बिल्डखाना:
६५ म्हणजे जावा २१. क्लास फाइलच्या व्हर्जनमधून ४४ वजा केले की जावाचा आकडा मिळतो: ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७.

टर्मिनलमधला जावा फ्लटर वापरेलच असं नाही. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) शोधताना तो आधी स्वतःच्या कॉन्फिगमध्ये बघतो, मग अँड्रॉइड स्टुडिओसोबत आलेला जेडीके घेतो, त्यानंतर जावा होम, आणि सगळ्यात शेवटी पाथ. लेडीबगसोबत येणारा जेडीके २१ आहे, त्यामुळे तुमच्या जावा होमची पाळीच येत नाही. थेट चालवलेला ग्रेडल रॅपर जावा होम वाचतो, म्हणून तिथे बिल्ड होतो. वेब आणि आयओएसला ग्रेडल लागतच नाही.

खात्री करायला 'फ्लटर डॉक्टर -व्ही' चालवा आणि अँड्रॉइड टूलचेनखालची 'जावा बायनरी अ‍ॅट' ही ओळ बघा. तिथे अँड्रॉइड स्टुडिओतल्या 'जेबीआर' फोल्डरचा पत्ता असेल.

ग्रेडल जावा १७ वर चालायला ७.३ पुरतो, २१ वर मात्र किमान ८.५ हवा. तुमचा ७.६.३ नेमका मध्ये अडकलाय. आज काम सुरू करायचं असेल तर एक कमांड पुरे:

फ्लटर कॉन्फिग --जेडीके-डिर=<जेडीके १७ चं फोल्डर>

फोल्डर जेडीकेचं मूळ द्यायचं, त्यातलं 'बिन' नाही. ही सेटिंग त्या मशीनवरच्या सगळ्या फ्लटर प्रोजेक्टना लागू होते, प्रोजेक्टच्या फाइल्समध्ये काही लिहिलं जात नाही. म्हणजे टीममधल्या प्रत्येकाने आपापल्या मशीनवर द्यायची. स्टुडिओतून ग्रेडल सिंक करत असाल तर तिथल्या सेटिंग्जमधला ग्रेडल जेडीके वेगळा बदलावा लागेल.

सातवा_थर:
वरचं बरोबर आहे, पण ते ठिगळ आहे. प्रोजेक्ट अजून वर्षभर चालवायचा असेल तर ग्रेडलच वर न्या. त्यात एक चकवा आहे: एरर ग्रेडलची दिसते म्हणून फक्त ग्रेडल ८.५ करून थांबलात तर पुढची एरर 'जेलिंक' आणि 'कोअर फॉर सिस्टिम मॉड्यूल्स' अशा नावांची येते. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.२.१ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये जावा २१ सोबतचा तो ठाऊक असलेला दोष आहे. म्हणून तिन्ही एकत्र बदला:

१. 'ग्रेडल-रॅपर.प्रॉपर्टीज'मध्ये डिस्ट्रिब्यूशनच्या पत्त्यातला ७.६.३ काढून ८.५.
२. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.२.१. नव्या टेम्प्लेटमध्ये हा आकडा 'सेटिंग्ज.ग्रेडल'च्या प्लगइन्स ब्लॉकमध्ये असतो, जुन्यात अँड्रॉइड फोल्डरमधल्या 'बिल्ड.ग्रेडल'च्या क्लासपाथ ओळीत.
३. कोटलिन १.९.२४.

प्लगइनची ८.x मालिका जेडीके १७ च्या खाली चालत नाही. बिल्ड सर्व्हरवर अजून ११ असेल तर आधी तिथे १७ टाका, नाहीतर तुमच्याकडे हिरवं आणि तिकडे लाल.

आणि 'फ्लटर अ‍ॅनालाइझ --सजेशन्स' ही कमांड फारशी कुणी वापरत नाही. जावा, ग्रेडल आणि प्लगइन यांचं एकमेकांशी जमतंय का, ते ती सांगते. अंदाजाने आकडे बदलत बसण्यापेक्षा ती बरी.

कोरी_पाटी:
तिन्ही बदलले. ६५ गेला. आता 'नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड' (नेमस्पेस म्हणजे अँड्रॉइड कोडसाठीचं पॅकेजचं नाव). आधी माझ्या अ‍ॅपसाठी आली, ती भरली, तर आता एका जुन्या पॅकेजसाठी येतेय. पब कॅशमध्ये (डाउनलोड केलेली पॅकेजेस ठेवलेलं फोल्डर) जाऊन त्या पॅकेजची फाइल दुरुस्त केली तर चालेल का?

बिल्डखाना:
पब कॅशला हात लावू नका. तुमच्याकडे चालेल, पण कॅश दुरुस्त केली किंवा दुसऱ्या मशीनवर बिल्ड केला की एरर परत हजर.

अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८ पासून मॅनिफेस्टमधल्या (अँड्रॉइडला अ‍ॅपची माहिती देणारी फाइल) पॅकेज अ‍ॅट्रिब्यूटवरून नेमस्पेस घेतली जात नाही, ती 'बिल्ड.ग्रेडल'मध्येच लिहावी लागते. पॅकेजसाठी पहिला उपाय म्हणजे 'फ्लटर पब आउटडेटेड' चालवून नवी आवृत्ती आहे का ते बघणं. देखभाल होत असलेल्या बहुतेक पॅकेजांनी हा बदल केव्हाच केलाय. नसेल तर स्वतःचा फोर्क (पॅकेजची आपली वेगळी प्रत) करून त्यात एक ओळ टाका आणि 'डिपेंडन्सी ओव्हरराइड्स'मधून तो वापरा. नेमस्पेस त्या पॅकेजच्या मॅनिफेस्टमध्ये आहे तीच द्या. आर क्लास (रिसोर्सेसचे आयडी असलेला क्लास) त्याच नावाखाली तयार होतो. नाव मनाने दिलंत तर त्याचा कोड कंपाइल होणार नाही.

सगळ्या सबप्रोजेक्टना 'आफ्टर इव्हॅल्युएट'मधून नेमस्पेस चिकटवणारा तुकडाही फिरत असतो. चालतो, पण तो ':अ‍ॅप'वर इव्हॅल्युएशन अवलंबून ठेवणाऱ्या ब्लॉकच्या वर हवा. खाली टाकला की 'प्रोजेक्ट ऑलरेडी इव्हॅल्युएटेड' म्हणून वेगळीच एरर येते.

तुमच्या अ‍ॅपमध्ये नेमस्पेस काय भरली? मॅनिफेस्टमध्ये अ‍ॅक्टिव्हिटीचं नाव टिंबाने सुरू होत असेल तर ते नेमस्पेसला जोडून वाचलं जातं. मेनअ‍ॅक्टिव्हिटी दुसऱ्या पॅकेजमध्ये असेल तर बिल्ड होतो, पण अ‍ॅप उघडताच क्लास सापडत नाही म्हणून बंद पडतं. आणि या गडबडीत अ‍ॅप्लिकेशन आयडी बदलू नका. नेमस्पेस कोडपुरती असते. आयडी बदलला की प्ले स्टोअरसाठी ते वेगळंच अ‍ॅप.

सातवा_थर:
पुढे येऊ शकणाऱ्या दोन गोष्टी.

'इनकन्सिस्टंट जेव्हीएम टार्गेट' आली तर 'कंपाइल ऑप्शन्स'मधली सोर्स व टार्गेट कंपॅटिबिलिटी आणि कोटलिनचं 'जेव्हीएम टार्गेट' एकाच आकड्यावर आणा, सगळीकडे १७ ठेवा. एररमध्ये मॉड्यूलचं नाव असतं. ते तुमच्या अ‍ॅपचं नसून पॅकेजचं असेल तर तुमची फाइल कितीही बदला, उपयोग नाही.

कोडमध्ये 'बिल्डकॉन्फिग' वापरत असाल तर तो क्लास अचानक गायब झालेला दिसेल. प्लगइन ८ पासून तो आपोआप तयार होत नाही. 'बिल्ड फीचर्स'मध्ये 'बिल्डकॉन्फिग ट्रू' करा.

एक_ओळ_कमी:
८ जीबी रॅमचं मशीन असेल तर 'ग्रेडल.प्रॉपर्टीज'ही उघडा. नव्या टेम्प्लेटमधून फाइल उचलली असेल तर त्यात ८ जीबीचा हीप (ग्रेडलला वापरता येणारी कमाल मेमरी) लिहिलेला असतो. एम्युलेटर चालू असताना 'डेमन डिसअपिअर्ड' (डेमन म्हणजे मागे चालू राहणारी ग्रेडलची प्रोसेस) म्हणून बिल्ड मध्येच मरतो, आणि त्या एररमध्ये मेमरीचा उल्लेखही नसतो. २ किंवा ३ जीबी करा, मग ग्रेडल रॅपर '--स्टॉप'ने चालवा. जुन्या जेडीकेवरचे डेमन मागे रॅम धरून बसलेले असतात, 'फ्लटर क्लीन'ने ते जात नाहीत.

कोरी_पाटी:
पॅकेजची नवी आवृत्ती मिळाली, फोर्कची गरज पडली नाही. अ‍ॅप उघडताच बंद पडत होतं, ते मेनअ‍ॅक्टिव्हिटीमुळेच. नेमस्पेसमध्ये एक अक्षर जास्त होतं. डीबग आणि रिलीज दोन्ही बिल्ड झाले, जेडीके-डिरची सेटिंग न देता.