पॅशन फक्त ऐकायचं?

'मॅथ्यू पॅशन हे ऐकायचं संगीत, त्यात अभिनय कशाला?' हा आक्षेप मला अजिबात पटत नाही. मॅथ्यू पॅशन म्हणजे येशूच्या यातना आणि मृत्यूची बायबलमधली कथा गाण्यांतून सांगणारी, जर्मन संगीतकार बाखची रचना. अमेरिकन नाट्यदिग्दर्शक पीटर सेलर्सनं २०१० मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत बसवलेल्या प्रयोगाचं चित्रीकरण जरूर पाहा. वाद्यवृंदाचं संचालन सायमन रॅटलचं. भव्य नेपथ्य नाही, भरजरी वेशभूषा नाही. येशूची भूमिका गाणारा गेरहाहर अलिप्त राहतो आणि यातना भोगताना दिसतो तो कथा सांगणारा मार्क पॅडमोर! केवढी धाडसी कल्पना. बाखनं मुळातच दोन गायनवृंद योजलेत. सुरुवातीलाच एक म्हणतो 'पाहा!', दुसरा विचारतो 'कोणाला?' नुसतं ऐकताना हा संवाद सहज निसटतो. इथे गायकांच्या हातात कागद नाहीत, सगळं पाठ, त्यामुळे ते खरोखर एकमेकांशी बोलतात.