मदत हवी आहे: डायबेटिक बोक्याला चार दिवस शी नाही, त्यात उलट्या, इन्सुलिन द्यायचं की थांबायचं?

वाकडी_शेपटी (सकाळी ७:५२)

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे आणि रात्रभर झोप नाहीये, इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आमचा बंड्या, बोका, वय ११, न्यूटर केलेला, गेल्या वर्षी डायबेटिस निघाला. ग्लार्जीन इन्सुलिन चालू आहे, दोन युनिट दर १२ तासांनी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. शुगर घरीच बघते, कानाच्या कडेला टोचून, माणसांच्याच ग्लुकोमीटरवर. इंजेक्शनच्या आधी साधारण २५० ते ३०० असते, म्हणजे काही भारी कंट्रोल नाहीये पण चाललं होतं आपलं.

तर चार दिवस झाले शी नाही. म्हणजे परवा एक लेंडी पडली होती ट्रेच्या बाहेर, सुपारीएवढी, उचलून डब्यात टाकली तर टक्कन आवाज आला इतकी टणक. त्यानंतर काही नाही. जातो, उकरतो, बसतो, कुंथतो, शेपटी थरथरते, मग घशातून एक विचित्र आवाज काढतो आणि तसाच बाहेर. वरून उलट्या. काल तीन आणि आज पहाटे एक, पांढरा फेस, एकदा पिवळं पाणी. खाणं निम्म्यावर आलंय, पाणी मात्र भरपूर पितो.

आज सातला शुगर १६२. त्याच्या मानाने कमीच. वाटीतलं अर्धं खाल्लं आणि तोंड फिरवलं. मी सुई भरली, मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि हात थांबला. दोन युनिट दिले आणि नंतर खाल्लेलं सगळं ओकला तर शुगर खाली जाणार, आणि नाही दिले तर कीटोन्सचं काय (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात साठतात ती आम्लं)? आमच्या व्हेट दहाच्या आत फोन उचलत नाहीत. भरलेली सुई समोर टेबलावर ठेवून हे टाइप करतेय.

घरात आईचं लॅक्ट्युलोज आहे, शी मऊ करायचं सिरप, ते थोडं द्यायचं का? आणि मेडिकलमधे तयार एनिमाची बाटली मिळते ती लहान डोसमधे चालते का? प्लीज कोणीतरी लवकर सांगा.

सुईदोरा (७:५८)

ताई आधी एकच सांगा, शू होतेय का? बोका आहे, ट्रेमधे बसून कुंथतोय, आणि उलट्या. शू अडकली तरी अगदी हेच दिसतं आणि ती अडकली असेल तर दहा वाजेपर्यंत पण थांबायचं नाही. शी अडकलीय असं समजून लोक दीड दिवस काढतात आणि मग फार उशीर होतो.

वाकडी_शेपटी (८:०१)

होतेय होतेय. रात्रीत ट्रेमधल्या लिटरचे (मातीचे) तीन मोठे ओले गोळे झालेत, मुठीएवढे. पण हे विचारलंत ते बरं केलंत, मी तो विचारच केला नव्हता.

जुनी_वही (८:०६)

माझी मांजर सहा वर्षं इन्सुलिनवर होती म्हणून लिहितोय, मी डॉक्टर नाही. आमच्या व्हेटने फ्रिजवर लावायला लिहून दिलेला नियम असा होता: उलटी झाली किंवा जेवण निम्मं झालं तर पूर्ण डोस द्यायचा नाही, आधी फोन. फोन लागलाच नाही तर निम्मा डोस, आणि शुगर १५० च्या खाली असेल तर डोस नाही, दोन तासांनी परत टोचून बघायचं. हा माझ्या मांजरीचा नियम झाला, तुमचा तुमच्या व्हेटकडून घ्या. पण आता या क्षणी दोन युनिट देऊ नका एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणि दहापर्यंत कशाला थांबताय? २४ तास चालू असलेलं कुठलं क्लिनिक असेल तर तिथे फोन करा. डायबेटिक मांजर ओकतेय आणि खात नाहीये म्हटल्यावर ते पण कीटोन्सच विचारतील. लघवीच्या कीटोन स्ट्रिप्स असतील तर ट्रेमधून शू पकडा, लांब दांड्याच्या पळीने जमतं. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय का बघा, पण वास नाही म्हणजे कीटोन नाही असं समजू नका, बऱ्याच जणांना तो वास येतच नाही.

अजून एक, डोस दिल्यावर ओकला तरी परत इंजेक्शन द्यायचं नाही. इन्सुलिन कातडीखाली गेलंय, पोटात नाही. मी एकदा घाबरून हा गाढवपणा करणार होतो. आणि मध हाताशी ठेवा, लडबडायला लागला, अंग ढिलं पडलं तर हिरड्यांवर चोळायचा.

निवांत_बोका (८:१५)

पाच एमएल पॅराफिन नाहीतर कुठलंही तेल सिरिंजने तोंडात सोडा, तासाभरात मोकळं होतं. आमच्याकडे कायम हेच करतो.

उन्हातली_मांजर (८:२१)

निवांत, नका हो असं सांगू. चव नसलेलं तेल तोंडात सोडलं की मांजराला ठसका लागत नाही आणि ते सरळ फुप्फुसात जातं, त्याने न्यूमोनिया होतो. ज्याला आधीच उलट्या होतायत त्याला तर अजिबातच नाही.

ताई, ती मेडिकलमधली एनिमाची बाटली पण अजिबात आणू नका. फॉस्फेटवाला एनिमा असतो तो, मांजराच्या शरीरात फॉस्फेट एकदम वाढतं आणि कॅल्शियम कोसळतं, जीव जातो. लहान डोस वगैरे काही नसतं त्यात. मांजराचा एनिमा म्हणजे कोमट पाणी, तो पण व्हेटच्या हातून.

आता माझा प्रश्न. उलटी कधी होते? जेवल्यावर, की ट्रेमधून बाहेर आल्यावर? तारीखवार आठवत असेल तर सांगा. विचारते कारण कुंथल्यावर लगेच होणारी उलटी आणि ट्रेशी काही संबंध नसलेली उलटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बहुतेक शी हेच कारण असतं, आतडी तुंबली आणि जोर लावला की मांजरं ओकतात. दुसरीत पॅन्क्रियाज (स्वादुपिंड), किडनी, कीटोन्स हे सगळं बघावं लागतं, आणि डायबेटिक मांजरात पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे पॅन्क्रियाजची सूज, खूप वेळा जोडीला असतो.

वाकडी_शेपटी (८:४०)

फोन लागला, इमर्जन्सीवाल्यांनी एक युनिट द्या आणि घेऊन या म्हणाले. दिलं. निघतोय, पिंजऱ्यात घालताना परत फेस ओकला.

उन्हातली ताई, शुगर लिहायची वही असते ना माझी, त्यातच मी कडेला शी, शू, उलटी पण लिहिते. गाडीत बसून काढली. कालच्या तीनपैकी दोन ट्रेनंतर दोन-दोन मिनिटांत. पण तिसरी दुपारी झोपेतून उठून, आणि आत्ताची पिंजऱ्यातली पण ट्रेशिवाय. आणि मागे गेले तर दहा दिवसांपूर्वी एक आहे जेव्हा शी रोज होत होती!! तेव्हा मी केसांचा गोळा असेल म्हणून सोडून दिलं होतं.

उन्हातली_मांजर (८:४४)

ही वही जशीच्या तशी डॉक्टरांपुढे ठेवा. आणि तुम्हीच सांगा की पॅन्क्रियाजची रक्ततपासणी पण करायची आहे, नाहीतर एक्सरेत शी दिसली की सगळे तिथेच थांबतात.

वाकडी_शेपटी (दुसऱ्या दिवशी, रात्री ९:१०)

घरी आलो. जमेल तसं लिहिते.

एक्सरेमधे आतडं गच्च भरलेलं, फिल्मवर पांढऱ्या विटा रचल्यासारखं. डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची रुंदी आणि पाठीच्या पाचव्या लंबर मणक्याची लांबी मोजून दाखवली, रुंदी मणक्याच्या १.४८ पटीच्या वर गेली की मेगाकोलन म्हणायचं, म्हणजे आतडं ताणून ताणून कायमचं ढिलं पडलंय असं. बंड्याचं १.२ आलं. हुश्श. भरलंय पण ढिलं पडलेलं नाही.

रक्तात पोटॅशियम ३.१, कमी आहे. कीटोन्स लघवीत किंचित, अजून धोक्याच्या पातळीवर नाहीत पण आले होते, म्हणजे इन्सुलिन पूर्ण बंद ठेवलं असतं तर अवघड झालं असतं. आणि पॅन्क्रियाजची टेस्ट बॉर्डरच्या वर. सोनोग्राफीत पॅन्क्रियाज थोडं सुजलेलं.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दात: शुगर वाढलेली राहिली की किडनीतून साखरेबरोबर पाणी निघून जातं, म्हणून तो इतकं पितो आणि इतकं मुततो, तरी आतून कोरडाच. मग आतडं शीमधलं पाणी ओढून घेतं आणि लेंड्या दगड होतात. पोटॅशियम कमी झालं की आतड्याच्या स्नायूंना जोर राहत नाही. त्यात पॅन्क्रियाज दुखतंय म्हणून खाणं कमी, उलट्या, अजून कोरडेपणा. म्हणजे मला प्रश्न पडला होता शीमुळे उलटी की उलटीमुळे शी नाही, तर दोन्ही एकमेकांची शेपटी धरून फिरत होते. मी पाण्याची वाटी रिकामी होतेय हे बघून खूश होत होते, काय बोलायचं.

सलाईन, त्यातूनच पोटॅशियम, मारोपिटंटचं इंजेक्शन उलटीसाठी, दुखण्यासाठी एक, आणि गुंगी देऊन कोमट पाण्याचे दोन एनिमा. काय निघालं त्याचं वर्णन करत नाही, जेवणाची वेळ आहे.

पाटीपेन्सिल (९:३२)

वाचून जीव भांड्यात पडला. पुढे काय दिलंय? लॅक्ट्युलोज दिलं असेल तर शुगर जास्त वेळा बघा, ते सिरपच साखरेचं असतं, काही डायबेटिक मांजरांची शुगर त्याने वर जाते. आमच्याकडे म्हणून शी मऊ करायला मॅक्रोगोल पावडर दिली, पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३३५०, तिला चव नसते.

तसंच, हल्ली मांजरांच्या डायबेटिसवर तोंडातून द्यायचं औषध आलंय, सुई नको म्हणून कोणी सुचवलं तर सावध. बेक्साग्लिफ्लोझिन, वेलाग्लिफ्लोझिन अशी नावं आहेत. आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजराला ती द्यायची नसतात, आणि पॅन्क्रियाटायटिस, उलट्या, न खाणं असेल तर नाहीच. त्यात शुगर नॉर्मल दिसत असतानाच कीटोन्स वाढू शकतात, मीटर बघून कळतच नाही.

वाकडी_शेपटी (९:५०)

मॅक्रोगोलच दिलंय, चहाच्या चमच्याचा आठवा भाग दोन वेळा, आणि शी मऊ पण आकार असलेली होईपर्यंत डोस कमीजास्त करायचा. इलेक्ट्रोलाइट मिसळलेली पावडर नाही आणायची म्हणून दोनदा बजावलं. सिसाप्राइड, म्हणजे आतड्याची हालचाल वाढवायचं औषध, लगेच नको, परत तुंबलं तर बघू म्हणाल्या. कोरडं खाणं बंद, फक्त ओलं, वरून कोमट पाणी. पण कार्ब कमी झाले की इन्सुलिनची गरज पण कमी होऊ शकते म्हणून पहिला आठवडा शुगर दिवसातून चारदा. बिचाऱ्याचे कान.

भोपळा किंवा इसबगोल घालू का विचारलं तर आत्ता नाही म्हणाल्या. कोरड्या आतड्यात फायबर टाकलं तर गोळा अजून मोठा होतो, आधी पाणी मग बाकीचं.

जुनी_वही (१०:०५)

एक दिवस पूर्ण उपाशी राहिला तर वाट बघू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की लिव्हरमधे चरबी साठते, तो वेगळाच ताप. भूक वाढवायचं औषध असतं, मिर्टाझापिन, मागून घ्या.

निवांत_बोका (१०:११)

तेलाचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या मांजराला इतकी वर्षं देतोय. बंद करतो.

वाकडी_शेपटी (चौथ्या दिवशी, संध्याकाळी ७:०४)

अपडेट द्यायला आले. उलटी अडीच दिवस नाही. पावडर ओल्या खाण्यात कालवली की पहिल्या दिवशी वास घेऊन निघून गेला होता, मग आधी पाण्यात पूर्ण विरघळवून कालवली तर कळलंच नाही त्याला.

आज दुपारी ट्रेमधे गेला, उकरलं, बसला, मी दाराआडून श्वास रोखून बघतेय. अर्ध्या मिनिटात उठला आणि घरभर पळत सुटला, सोफ्यावरून खिडकीत, खिडकीतून खाली. जाऊन बघितलं तर बोटभर लांब, तपकिरी, मऊ. मी फोटो काढून बहिणीला पाठवला, तिने ब्लॉक करायची धमकी दिलीय.

आत्ता शुगर २३४, वाटी चाटून पुसून साफ. डोस दीड युनिट ठरलाय सध्या. सुई देऊन येते, मग बाकीच्यांचे प्रतिसाद वाचते.